मशीन राहू द्या, आधी माल दाखवा

तीन पिनांच्या प्लगमधल्या पितळी पिना माझ्या हातून किती लाख गेल्या असतील, देव जाणे. उल्हासनगरच्या एका स्विच-सॉकेटवाल्याकडे मी बरीच वर्षं खरेदीचं रजिस्टर सांभाळत होते. पिना गोणीतून यायच्या, काट्यावर चढायच्या, हजारी भावाने त्यांचं बिल व्हायचं. सहा अँपिअरची पिन पाच मिलिमीटरच्या आसपास जाड, तिची अर्थची पिन सातच्या आसपास, सोळा अँपिअरच्या आणखी दणकट. कोणती कितीला पडते हे मी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. ती होते कशी, हे मात्र कधी बघितलं नव्हतं.

पुढे पिनांचा पुरवठादार वयाने थकला आणि त्याने गाळा बंद केला. तेव्हा मालक म्हणाले, "ताई, तुम्हीच का नाही सुरू करत? माल मी उचलतो." आम्ही राहतो बदलापूर गावात आणि माणकिवलीच्या एमआयडीसीत दिरांचा छोटा गाळा रिकामा पडला होता. जागेचं भागलं. राहिली मशीन.

"ट्रॉब घ्या," असं ज्याला विचारलं त्याने सांगितलं. नवी सीएनसी घ्यायची तर घर गहाण पडलं असतं, आणि एकच पिन वर्षानुवर्षं लाखांनी काढायला इतकी हुशार मशीन लागतही नाही, असंही ऐकलं. म्हणून जुन्या मशिनरीचा धंदा करणाऱ्या एका व्यापाऱ्याची अंबरनाथची शेड गाठली.

शेडमध्ये एका रांगेत मशिनी उभ्या होत्या. सगळ्या हिरव्या, सगळ्यांना ताज्या रंगाचा वास. प्रत्येकीच्या डाव्या अंगाला लांबलचक पाइप, मधे दोन-तीन बाजूंनी टूल रोखलेलं तोंड, आणि खाली तेलाने काळवंडलेला ट्रे. व्यापारी बोलत सुटले : ही ए-२५, ती ए-४२, पलीकडची ए-६०, ही ओरिजिनल जर्मन, ही इंडियन, ही राजकोटची, हिचं ओव्हरहॉल झालंय, ती चालू कंडिशनमध्ये आलीय. मी वही काढून लिहून घेत होते, पण काय लिहितेय ते मलाच कळत नव्हतं. शेवटी एका मशीनकडे बोट दाखवून विचारलं, "ही कुठल्या सालची?" ते हसून म्हणाले, "मॅडम, स्थळ बघायला आलाय का? वय विचारू नका, काम विचारा." पण काय काम विचारायचं तेच तर ठाऊक नव्हतं.

घरी येऊन रजिस्टरच्या जुन्या बिलांवरून आमच्या बंद पडलेल्या पुरवठादाराचा नंबर काढला. त्यांच्याकडे मशीन लावणारे सेटर होते, ते अंबरनाथलाच राहतात असं कळलं. विमको नाक्यावरच्या हॉटेलात आमची पहिली भेट झाली. काकांनी तरुणपणी अंबरनाथच्या आयटीआयतून टर्नरचा ट्रेड केलेला, आणि पुढचं सगळं आयुष्य ट्रॉबवर गेलेलं. त्या काळी अंबरनाथच्या पोराने टर्नर व्हावं यात नवल नव्हतं. गावात ऑर्डनन्स फॅक्टरी होती, १९५३ पासून संरक्षण खात्याचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना होता, आणि पुढे एमआयडीसीचे गाळेच गाळे झाले.

माझी वही त्यांनी चहा पिता पिता चाळली आणि परत दिली. "यात मशिनींची नावं आहेत. तुमच्या पिनेचं नाव कुठेच नाही. पिनेचं ड्रॉइंग आणलंय का?"

ड्रॉइंग पर्समध्ये होतं. ते बघून त्यांनी निम्मी यादी तिथल्या तिथे निकालात काढली. ए-२५ म्हणजे २५ मिलिमीटरपर्यंतचा रॉड घेणारी, ए-४२ बेचाळीसपर्यंतची. आमची पिन आठच्या रॉडमधून निघणारी. तिला मोठी मशीन म्हणजे जास्त वीज, जास्त जागा आणि कमी वेग. "ए-२५ बास. आता ती काम कशी करते ते आधी बघा, मग घ्यायची कशी ते बोलू."

त्यांच्या ओळखीच्या एका गाळ्यात ए-२५ चालू होती. आवाज आधी आला. पाइपमध्ये फिरणाऱ्या रॉडची अखंड खडखड, आणि त्यात मधूनच एक 'खट्'. तो 'खट्' म्हणजे कॉलेट उघडल्याचा. कॉलेट हा रॉड पकडणारा चिरा दिलेला पोलादी जबडा. तो उघडला की मागे टांगलेलं वजन रॉडला पुढे ढकलतं, रॉड समोरच्या अडणीला टेकतो, कॉलेट मिटतो. मग एक टूल रॉडच्या लांबीने सरकत तो बारीक करतं, दुसरं मागून येऊन टोक गोल करतं, तिसरं वरून उतरून पिन कापून टाकतं. पिन ट्रेमध्ये पडते आणि पुन्हा 'खट्'. माणूस कुठेच नाही. गाळ्यातला मुलगा शेजारच्या मशीनला रॉड लावत होता.

"हे सगळं ठरवतं कोण?" मी विचारलं. काकांनी मशीनचं झाकण उघडलं. आत एक आडवा दांडा सावकाश फिरत होता आणि त्यावर वेड्यावाकड्या कडांच्या पोलादी चकत्या बसवलेल्या होत्या. हे कॅम. चकतीचा उंचवटा आला की तिच्यावर टेकलेला रोलर वर उचलला जातो, त्याच्याबरोबर लिव्हर हलते आणि टूल पुढे जातं. उतार आला की टूल मागे. दांड्याचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक पिन. मशीनला काय करायचं ते कुठे लिहून ठेवलेलं असेल, तर ते या कडांवर.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याला हे सांगितलं तर त्याने या यंत्राचा इतिहासच शोधून काढला. ही कल्पना दीडशे वर्षांची. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्डचे ख्रिस्तोफर स्पेन्सर, ज्यांची स्पेन्सर रायफल तिथल्या यादवी युद्धात गाजली होती, त्यांनी १८७३ मध्ये स्क्रू बनवणाऱ्या स्वयंचलित लेथचं पेटंट घेतलं. तिचं खरं मर्म होतं एक ढोल आणि त्यावर हव्या तशा सरकवता येणाऱ्या कॅमच्या पट्ट्या. स्पेन्सर त्याला मशीनचा मेंदूच म्हणत. पण पेटंटचे कागद करणाऱ्या वकिलाला त्या ढोलाचं महत्त्व कळलं नाही आणि त्याचं संरक्षण राहून गेलं. मग ज्याने त्याने ती युक्ती उचलली. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये घड्याळांच्या बारीक स्क्रूंसाठी अशाच मशिनी घडत होत्या. आपल्याकडे नाव झालं ते श्टुटगार्टजवळच्या रायखेनबाखच्या ट्राउब कंपनीचं; गाळ्यांमधलं 'ट्रॉब' ते हेच. १९९७ मध्ये ती कंपनी शेजारच्या एस्लिंगेनच्या इंडेक्सने घेतली. पण तिच्या जुन्या कॅमवाल्या मशिनी आणि त्यांच्या देशी आवृत्त्या आपल्या गाळ्यांमध्ये अजून खटखटतायत.

काकांना मी वकिलाची गोष्ट सांगितली. त्यांना ती फार आवडली. "गिऱ्हाइकं आजही तेच करतात. मशीन बघतात, कॅम बघत नाहीत."

त्यानंतर आम्ही जोडीने बाजार फिरलो. काकांच्या पिशवीत मॅग्नेटचा स्टँड, डायल, मायक्रोमीटर, हातभर लांब लाकडी दांडा आणि टॉर्च. मी मागून वही घेऊन.

त्यांची पद्धत ठरलेली. पहिलं काम, रंगाकडे बघायचं नाही. रंगाखाली भेग, वेल्डिंग, लांबी काहीही असू शकतं. नावाच्या पट्टीवरही विसंबायचं नाही, कारण पट्टी चार स्क्रूंनी बसते आणि चार स्क्रूंनी निघते. मग कॉलेटमध्ये सरळ रॉडचा तुकडा पकडून त्यावर डायल लावायचा. रॉड फिरवणारं स्पिंडल हाताने फिरवलं आणि सुई हलली, तर दोष कॉलेटचाही असू शकतो. दुसरं कॉलेट घालून पुन्हा बघायचं. पण लाकडी दांड्याने स्पिंडल खालून वर रेटलं, सुई सरकली आणि दांडा काढल्यावर जागेवर आली नाही, तर बेअरिंग गेलं. थोडी सरकून परत आली तर ते लोखंडाचं लवणं, त्याला घाबरायचं नाही. हा फरक मला समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर तो डायल माझ्याच हातात द्यावा असं वाटायला लागलं.

मग स्लाइड. टूल पुढे-मागे नेणाऱ्या स्लाइडची हालचाल या मशीनमध्ये थोडीच असते आणि ती त्याच त्या जागेत होत राहते. म्हणून झीजही तेवढ्याच पट्ट्यात होते. काका स्लाइड हाताने पूर्ण टोकापासून टोकापर्यंत नेत. मधे ढिली आणि टोकाला घट्ट लागली की मान हलवत. मधली ढिलाई काढायला गिब, म्हणजे स्लाइडच्या फटीतली पट्टी, आवळला तर टोकाला ती अडकणार. ते काम आवळण्याचं राहिलं नाही, स्क्रॅपिंगचं, म्हणजे खरवडून सपाट करण्याचं झालं. कॅमचा दांडा फिरवणारं वर्म आणि वर्मव्हीलही असंच. ते एकाच जागी हलवून बघून चालत नाही. सगळ्यात जास्त जोर लागतो ती वेळ प्रत्येक फेऱ्यात त्याच दातांवर येते, म्हणून दांडा थोडा थोडा फिरवत दर ठिकाणी हलवून पाहायचं.

एका शेडमध्ये मला एक मशीन बघताक्षणी आवडली. ब्राउन अँड शार्प, अमेरिकन, भारदस्त, सहा टूलं बसणारा फिरता टरेट. किंमतही आवाक्यातली. काकांनी तिच्यावरून हात फिरवला. "मशीन उत्तम आहे. पण हिची कॉलेटं इंचातली आणि हिचे कॅम कुठायत?" व्यापारी म्हणाले, कॅम नाहीत. "मग ही तुमच्यासाठी नुसतं लोखंड. ट्रॉबचं कॉलेट फुटलं तर दुपारपर्यंत दुसरं आणता येतं. हिच्यासाठी मुंबई पालथी घालाल."

बदलापुरातच पश्चिमेला एक ए-२५ फारच स्वस्तात मिळत होती. घराजवळ, वाहतुकीचा खर्च नाही, मालकही ओळखीतले निघाले. स्पिंडल ठीक लागलं, स्लाइड बऱ्या होत्या. माझा जीव भांड्यात पडला. काकांनी मात्र बाही वर सारून ट्रेच्या खाली, मशीनच्या पोकळ पायात हात घातला. हात बाहेर आला तो कोपरापर्यंत तेलकट, आणि मुठीत राखाडी, गुळगुळीत गाळ. चुऱ्याचा नाही, पितळेचा चुरा टॉर्चमध्ये चमकतो. हा उल्हास नदीचा होता. बदलापूरकराला वेगळं सांगायला नको : २६ जुलै २००५ चा पूर आपण पाहिलाय, आणि २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीच्या अलीकडे पाण्यात अडकली तेव्हाही नदी घराघरांत शिरली होती. "पाणी किती चढलं होतं?" काकांनी विचारलं. मालकांनी मांडीपर्यंत हात दाखवला. मग काकांनी त्या उंचीखालचे तेलाचे निपल एकेक उघडायला लावले. निम्मे बुजलेले. वर्मच्या खोक्यातलं तेल ताकासारखं पांढुरकं. वर सगळं रंगवलेलं होतं. पाणी पोचलं होतं तिथवर आतून गंजाचे खड्डे पडलेले. मालकांनी लपवलं असं मी म्हणणार नाही. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

आमच्या भागात जुनी मशीन घेणाऱ्याने हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा : पुराच्या वेळी ही कुठे उभी होती? भोसरीहून किंवा पिंपरीहून आलेली असेल तरी तिथली नदी विचारावी.

दरम्यान काका मला गणित शिकवत होते. एकदा त्यांनी सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर आमची पिन मांडली. आठचा रॉड, त्याचा बारा मिलिमीटर भाग पाचवर आणायचा. टूल रॉडच्या एका फेऱ्याला ०.०८ मिलिमीटर सरकलं तर बाराला दीडशे फेरे लागतात. कापायला रॉडच्या मध्यापर्यंत चार मिलिमीटर जायचं, तिथे ०.०४ धरा : शंभर फेरे. झाले अडीचशे. टोक गोल करायचं काम मागचं टूल त्यातच उरकतं. कॅमच्या गोलाचे शंभर भाग पाडलेले असतात. त्यातले साधारण वीस कॉलेट उघडणं, रॉड सरकणं, टूल मागे घेणं यात जातात. म्हणजे अडीचशे फेरे ऐंशी भागांत बसले, तर पूर्ण गोलाला सव्वातीनशेच्या जरा आत. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी स्पिंडल धावलं तर एक पिन सव्वासहा सेकंदांत. मिनिटाला नऊ-दहा.

"आता कॅम काढा," ते म्हणाले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनीच सांगितलं : दीडशे फेरे म्हणजे गोलाचे अठ्ठेचाळीस भाग, तेवढ्यात चकतीची कड बारा मिलिमीटर चढली पाहिजे. शंभर फेरे म्हणजे बत्तीस भाग, तेवढ्यात चार. लिव्हरचं प्रमाण वेगळं असेल तर चढ त्या हिशेबाने. मग पोलादाच्या पट्टीवर आखायचं, कापायचं, कानशीने घासून कड गुळगुळीत करायची, आणि कडक करून आणायचं. हजारी भावाने पिना घेताना त्या भावात हे सगळं बसलेलं असतं, हे मला रजिस्टर लिहिताना कधी दिसलं नव्हतं.

शेवटी आम्ही पहिल्याच व्यापाऱ्यांकडे परत आलो. त्यांच्या रांगेतली एक देशी ए-२५ काकांच्या डायलला पटली होती. व्यापाऱ्यांनी खिशातून चार लखलखीत पिना काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. "बघा, याच मशीनचा माल."

"खिशातल्या पिना कुठल्याही मशीनच्या असतात," काका म्हणाले. "मशीन राहू द्या, आधी माल दाखवा. आमच्यासमोर."

आमचाच रॉड नेला होता. काकांनी मशीन लावली, तासभर नुसती धावू दिली. गार मशीनचं माप आणि तापलेल्या मशीनचं माप एक नसतं. मग त्यांनी अंड्यांचे ट्रे मागवले. पडेल ती पिन क्रमाने एकेका खळग्यात ठेवायची, निवडायची नाही. मी ठेवत गेले, ते मायक्रोमीटर लावत गेले, आणि मी वहीत लिहीत गेले. आकडे लिहिणं हे तर माझं रोजचं काम. थोड्या वेळाने मला त्या रांगेत काहीतरी दिसायला लागलं. ५.०२, ५.०२, ५.०२, मग ५.०३, पुन्हा ५.०३, सावकाश, एकाच दिशेने. "हे चालतं," काका म्हणाले. "टूल झिजतंय, माप सरकतंय. थोडं आवळलं की परत येतं. याच्या जागी ५.०१, ५.०६, ४.९९ असं उड्या मारलेलं दिसलं असतं तर स्पिंडल किंवा स्लाइड ढिली, आणि ते आवळून जात नाही." लांबीत मधेच एक पिन आखूड निघाली. त्यांनी मशीन थांबवून रॉडची अडण पुसली. रॉड आणि अडण यांच्यामध्ये चुरा अडकला होता. अडणीवर तेलाची धार नीट धरल्यावर पुन्हा तसं झालं नाही.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे माझ्याच्याने जमेल. मशीन मला परकी होती, आकड्यांची रांग नव्हती.

आता भाव. व्यापाऱ्यांनी आकडा सांगितला आणि जाता जाता म्हणाले, "कॅम, गिअर, कॉलेटांची पेटी वेगळी हं." काकांनी मला आधीच बजावलं होतं : पेटी टेबलावर आल्याशिवाय मशीनच्या भावाला तोंड उघडायचं नाही. मी म्हटलं, पेटी बघू. पेटीत कॅम दोन मुठी होते, वेग बदलायचे गिअर होते, कॉलेटं होती. आमच्या पिनेला चालणारा एकही कॅम नव्हता, पण कोऱ्या चकत्या होत्या, आणि गिअरचा संच जवळपास पूर्ण होता. गिअर नसते तर सव्वासहा सेकंदांचं गणित पाकिटावरच राहिलं असतं. घासाघीस झाली. पेटीसकट सौदा ठरला. थोडी रक्कम बयाणा, बाकीची मशीन आमच्या गाळ्यात चालून दाखवल्यावर, आणि बिल रीतसर जीएसटीचं.

हायड्राने उचलताना काका ओरडत होते, पट्टा पायाला लावा, स्पिंडलला नाही. काटई-बदलापूर रस्त्याने टेम्पो आला, महावितरणचं थ्री फेज कनेक्शन वेळेत मिळालं, आणि माणकिवलीच्या गाळ्यात 'खट्' सुरू झालं. काका आठवड्यातून ठरलेले दिवस येतात. त्यांची अट एकच होती : आयटीआयचा एक मुलगा त्यांच्या हाताखाली ठेवायचा आणि त्याला कॅम काढायला शिकू द्यायचं, नुसता रॉड भरायला नाही. पगार माझा, शिकवणी त्यांची. जुनी मशीन घेणाऱ्याने हा खर्च मशीनच्या किमतीतच धरावा असं माझं मत झालंय. सेटरशिवाय ए-२५ विकत मिळते, पण पिना मिळत नाहीत.

परवा मालकांचा फोन आला. नवीन प्लगची बॉडी जरा खोल झालीय, पिनेचा बारीक भाग दीड मिलिमीटर लांब हवा. "एवढंसंच आहे ताई, भाव तोच ना?"

मी फोन खांद्याला धरून वहीच्या समासात मांडलं. साडेतेरा भागिले ०.०८, एकशे एकोणसत्तर फेरे. त्यात कापायचे शंभर. ऐंशी भागांत बसवले तर पूर्ण गोलाला तीनशे छत्तीस. म्हणजे पिनेमागे सहा पूर्णांक सात सेकंद. तासाला चाळीस पिना कमी, आणि रॉडही जास्त. शिवाय आताचे कॅम चालणार नाहीत.

म्हटलं, "कॅम नवे करावे लागतील, त्यांचे पैसे वेगळे. हजारी भावही थोडा वाढेल, हिशेब पाठवते." ते म्हणाले, तुम्ही तर पुरवठादारासारखं बोलायला लागलात. मी म्हटलं, नव्या मापाचं ड्रॉइंग सही करून पाठवा. सही आल्याशिवाय काका पट्टी कापायला घेत नाहीत.